कपाटाची किल्ली मुलांच्या हाती

(बीड येथे शाळा व बालगृहांमध्ये बालग्रंथालये चालविणाऱ्या शिक्षक-कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजचा विषय वरवर पाहता साधा आहे. ज्या शाळांपाशी साधने नाहीत आणि ज्या मुलांना हक्काचे घर नाही, त्यांच्यासाठी गोष्टीच्या पुस्तकांचे ग्रंथालय उभे करावयाचे. निधी जमवावा, पुस्तके आणावीत, एक लोखंडी कपाट द्यावे, नारळ फोडावा, छायाचित्र काढावे. एवढे काम आपल्यापैकी कोणीही महिनाभरात पार पाडील. मला बोलावयाचे आहे ते त्यानंतरच्या कामाविषयी. पाहुणे निघून गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कपाटाचे कुलूप कोण उघडणार, आणि कार्तिकात अर्धा वर्ग उसाच्या फडावर निघून गेल्यावर त्या पुस्तकांचे काय होणार, या दोन प्रश्नांची उत्तरे आपल्यापाशी असतील तरच आपण ग्रंथालय दिले असे म्हणता येईल. उत्तरे नसतील तर आपण केवळ कपाट दिले.

ग्रंथांची भूमी

बीड जिल्ह्याचे नाव निघाले की दुष्काळ, स्थलांतर आणि मागासलेपण एवढेच बोलले जाते. या मातीची दुसरी ओळख आपण विसरता कामा नये. मराठीतील आद्य ग्रंथ म्हणून गौरविल्या गेलेल्या ‘विवेकसिंधु’चे कर्ते मुकुंदराज यांची समाधी अंबाजोगाईला आहे. ग्रंथाचा काळ परंपरेने शके १११०, म्हणजे इ. स. ११८८ मानला जातो. त्याच अंबाजोगाईत सोळाव्या शतकात दासोपंत होऊन गेले. त्यांनी लांबलचक कापडावर ग्रंथ लिहिला. ती ‘पासोडी’ आजही जिव्हाळ्याने दाखविली जाते.

पुढे निजामी राजवटीत या भूमीवर वेगळीच परीक्षा आली. शिक्षणाचे व कारभाराचे माध्यम उर्दू होते. मराठी शाळा काढणे, सभा भरविणे यांवर बंधने होती. अशा काळात मराठवाड्यातील गावोगावच्या छोट्या मराठी वाचनालयांनी लोकजागृतीचे मोठे काम केले. अंबाजोगाईचे योगेश्वरी विद्यालय स्वामी रामानंद तीर्थांच्या कार्याचे एक केंद्र होते, हे आपण जाणताच. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. त्या मुक्तीमागे शस्त्र होते, सत्याग्रह होता, आणि कंदिलाच्या उजेडात मोठ्याने वाचले जाणारे वर्तमानपत्रही होते. तेव्हा ग्रंथालय ही शहरी लोकांची हौस आहे, असे निदान मराठवाड्यात तरी कोणी म्हणू नये.

सहा महिन्यांची दरी

आता आजच्या परिस्थितीकडे येऊ. दसरा-दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातील लाखो माणसे ऊसतोडीला बाहेर पडतात. कोणी कोल्हापूर-सांगलीकडे, कोणी सातारा-पुण्याकडे, कोणी अहिल्यानगर जिल्ह्यात, कोणी कर्नाटकात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. घरी म्हातारे आईवडील असतील तर मुले त्यांच्यापाशी राहतात, नसतील तर बिऱ्हाडासोबत फडावर जातात. तेथे मोठ्या मुलीने धाकट्या भावंडाला सांभाळावयाचे, पाणी आणावयाचे, वाढे बांधावयाचे. गाळप हंगाम संपून माणसे परततात तेव्हा शाळेचे वर्ष संपत आलेले असते.

तिसरीतील एक मुलगी डोळ्यांसमोर आणा. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत ती शाळेत आली. अक्षरे जुळू लागली, जोडाक्षरांशी झटापट सुरू झाली. नेमक्या या टप्प्यावर ती पाच-सहा महिने फडावर गेली. तेथे कोपीत छापील असे काहीच नाही. परत येते तेव्हा जोडाक्षरे तर गेलेलीच असतात, काना-मात्राही डळमळीत झालेल्या असतात. पुढच्या वर्षी ती चौथीत बसते आणि पुन्हा तेच घडते. पाचवी-सहावीत ती वर्गात मागे बसून फळा उतरवून घेते, पण वाचत नाही. मग घरचे म्हणतात, हिचे शिक्षणात मन नाही. आणि मन नाही म्हटले की लग्नाचा विषय निघतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार या जिल्ह्यात २० ते २४ वयोगटातील चाळीस टक्क्यांहून अधिक स्त्रियांचे विवाह अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी झालेले होते. एका गोष्टीच्या पुस्तकाने बालविवाह थांबेल, असा भाबडा दावा मी करणार नाही. त्यामागे गरिबी आहे, असुरक्षितता आहे, उचलीचा हिशेब आहे. परंतु जी मुलगी वाचते, तिच्याविषयी ‘मन नाही’ हे वाक्य उच्चारणे घरच्यांना जड जाते, एवढे निश्चित.

सयाजीरावांनी ओळखलेला रोग

शिकलेले विसरले जाते, हा रोग नवा नाही. शंभर वर्षांपूर्वी एका मराठी राजाने तो ओळखला होता. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात शेतकऱ्याच्या घरी जन्मलेला एक मुलगा १८७५ मध्ये बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला. तेव्हा त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. तेच महाराजा सयाजीराव गायकवाड. १९०६ मध्ये त्यांनी आपल्या संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. परंतु शाळा सोडल्यावर हाताशी पुस्तक नसेल तर साक्षर झालेला माणूस पुन्हा निरक्षर होतो, हे त्यांच्या ध्यानात आले. म्हणून १९१० साली त्यांनी विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास बोलावून घेतले आणि राज्यभर ग्रंथालयांचे जाळे विणण्यास आरंभ केला. जेथे ग्रंथालय उभे करणे शक्य नव्हते तेथे लाकडी पेट्यांतून पुस्तके पाठविली. ही फिरती पेटी वाचून होई, परत येई आणि दुसरी जाई.

हीच पेटी आपल्या काळात पुन्हा अवतरली. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ मध्ये ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम सुरू केला. शंभर पुस्तकांची पेटी एका वाचकगटाकडे द्यावयाची आणि काही महिन्यांनी ती दुसऱ्या गटाच्या पेटीशी बदलावयाची, ही त्याची साधी पद्धत. नाशिकहून निघालेल्या या पेट्या परदेशांतील मराठी कुटुंबांपर्यंत पोहोचल्या. दुबईतील मराठी वाचकापर्यंत पेटी पोहोचू शकते, तर शिरूर कासारच्या वस्तीवर पोहोचण्यास अडचण कसली?

कुलूप का लागते?

शाळेत पुस्तके मुळीच नसतात असे म्हणणे आज खरे ठरणार नाही. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे व त्यात वृत्तपत्रे, नियतकालिके आणि गोष्टींची पुस्तके असावीत, असे स्पष्ट म्हटले आहे. २०१८ पासूनच्या समग्र शिक्षा योजनेत शाळेच्या स्तरानुसार ५ हजार ते २० हजार रुपयांच्या वार्षिक ग्रंथालय अनुदानाची तरतूद आहे. पुस्तके येतात. येतात आणि कपाटात जातात.

याचा दोष केवळ शिक्षकांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. दोनशिक्षकी शाळेतील गुरुजींना पोषण आहाराची नोंद ठेवावयाची असते, ऑनलाइन माहिती भरावयाची असते, निवडणुकीची कामे असतात. पुस्तक साठा नोंदवहीत चढले की त्याची जबाबदारी त्यांच्यावर येते. मूल पुस्तक घरी नेणार, धाकटे भावंड त्याचे पान फाडणार, तपासणीला अधिकारी येणार आणि बदलीच्या वेळी हिशेब द्यावा लागणार. मग सर्वांत सुरक्षित उपाय कोणता? कुलूप. माणूस वाईट नसतो. हिशेबाची भीती त्याला कुलूप लावावयास शिकवते.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये या शास्त्राचे पाच नियम मांडले. पुस्तक हे वापरासाठी असते, हा त्यांतला पहिला. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, हे त्यापुढचे दोन. आपल्याला सेवाकार्यात हे नियम उतरवावयाचे असतील तर पुस्तके देतानाच मुख्याध्यापकांना एक लेखी पत्र द्यावे: शंभरातील दहा पुस्तके वर्षभरात फाटतील किंवा हरवतील हे आम्ही गृहीत धरले आहे, तेवढी आम्ही दरवर्षी भरून देऊ, याबद्दल कोणाकडूनही वसुली करू नये. हे एक पत्र शंभर पुस्तकांइतके मोलाचे आहे. वर्षअखेरीस सर्व पुस्तके कोरी करकरीत राहिली, तर त्या शाळेची काळजी करावी.

आणि किल्ली? ती चौथी-पाचवीच्या मुलामुलींकडे द्यावी. दर आठवड्याला दोन ‘ग्रंथपाल’ निवडावेत. देवघेवीची वही त्यांनी लिहावी. नाव, पुस्तक, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख, एवढे चार रकाने पुरेत. ज्या मुलाला वाचनात गती नाही त्यालाही ही जबाबदारी आवर्जून द्यावी. वहीत मित्रांची नावे लिहिता लिहिता त्याचा हात आणि नजर दोन्ही बसतात. शिक्षकांचा भार हलका होतो तो वेगळाच.

हंगामाप्रमाणे ग्रंथालयाचे वेळापत्रक

आपल्या जिल्ह्यात ग्रंथालयाचे वर्ष जूनमध्ये सुरू होत नाही. ते दसऱ्याला सुरू होते, असे समजून चालावे. त्यासाठी दोन व्यवस्था लागतात.

पहिली, मागे राहणाऱ्या मुलांसाठी. गावोगावी हंगामी वसतिगृहे चालतात, तेथे मुलांच्या सकाळ-संध्याकाळच्या जेवणाची सोय होते. २०२१ मध्ये राज्य शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना जाहीर केली. त्यात ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची आखणी आहे, आणि बीड जिल्हा त्यात अग्रभागी आहे. या वसतिगृहांत पोट भरते, अभ्यासही होतो. पण जेवणानंतर झोप येईपर्यंतचा जो एक तास असतो, तो आईवडिलांच्या आठवणीचा तास असतो. रडू येते ते त्या वेळी. आपली पेटी त्या तासासाठी आहे. एकाने मोठ्याने वाचावे, बाकीच्यांनी ऐकावे. गावातील निवृत्त शिक्षक, महाविद्यालयात जाणारी मुलगी, भजनी मंडळातील एखादे काका, कोणीही आठवड्यातून दोन दिवस हा तास सांभाळू शकेल. कार्यकर्ता नावाची जी वस्तू आपण म्हणतो, तिची येथे खरी गरज आहे.

दुसरी, फडावर जाणाऱ्या मुलांसाठी. स्थलांतर करणाऱ्या मुलांना शाळा शिक्षण हमी पत्रक देते, जेणेकरून जेथे जातील तेथील शाळेत त्यांना बसता यावे. त्या पत्रकासोबत एक कापडी पिशवी द्यावी आणि त्यात पाच-सहा पातळ, मोठ्या टायपातील, चित्रांची पुस्तके असावीत. एका टोळीत शाळकरी वयाची चार मुले असली आणि प्रत्येकाच्या पिशवीत वेगळी पुस्तके असली, तर चौघांत मिळून वीस-चोवीस पुस्तके होतात. हंगाम साधारण वीस-बावीस आठवड्यांचा. आठवड्याला एक पुस्तक बदलले तरी हंगामभर पुरते. परत येताना पिशवी मळलेली येईल, दोन पुस्तके कमी येतील, एखाद्यावर उसाच्या चिपाडाचा डाग असेल. त्याबद्दल एक शब्दही बोलू नये. उलट ते पुस्तक वर्गासमोर धरून सांगावे की, हे पुस्तक कारखान्याला जाऊन आले.

बालगृहातील वाचक

आता बालगृहांविषयी. या जिल्ह्यात आर्वीचे शांतिवन, गेवराईचे सहारा, पालीचे इन्फंट इंडिया अशी घरे कार्यकर्त्यांनी स्वतःच्या संसाराची पर्वा न करता उभी केली आहेत. ऊसतोड मजुरांची, आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांची, आजाराने आईवडील गमावलेली मुले तेथे वाढतात. त्यांच्या कामापुढे आपण केवळ नम्र व्हावे.

बालगृहातील मुलाच्या आयुष्यात बहुतेक गोष्टी सामायिक असतात. ताटे सारखी, गणवेश सारखे, झोपण्याची खोली एक, वाढदिवसही कधी कधी एकत्रच. हे व्यवस्थेसाठी आवश्यक असते. पण ‘माझे’ म्हणावे असे फार थोडे उरते. ग्रंथालयाने ही उणीव थोडी तरी भरून काढावी. प्रत्येक मुलाला वर्षातून एक पुस्तक स्वतः निवडू द्यावे. देणगीदाराचे नाव मागच्या पानावर बारीक अक्षरात असले तरी चालेल. पहिल्या पानावर त्या मुलाचे नाव असावे. कायद्याप्रमाणे अठरा वर्षे पूर्ण झाली की त्याला बालगृह सोडावे लागते. अनुरक्षण गृहाची सोय झाली तर एकविसाव्या वर्षापर्यंत. तो निघेल तेव्हा त्याच्या पेटीत दहा-बारा पुस्तके त्याच्या नावाची असावीत. घर सोडणाऱ्या मुलाला आपण शिदोरी देतो, तशी.

आणखी एक नाजूक गोष्ट. मराठी बालसाहित्य आईच्या मायेने ओथंबलेले आहे. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ आपल्यापैकी कोणाला प्रिय नाही? परंतु ज्या मुलाने आईला डोळ्यांदेखत गमावले, त्याच्या हाती असे पुस्तक नुसते ठेवून निघून जाऊ नये. ते लपवूही नये, कारण दुःख झाकल्याने मिटत नाही. ते वाचावयाचे तेव्हा मोठे माणूस शेजारी बसलेले असावे. मूल वाचता वाचता थांबले तर आपणही थांबावे. त्याला बोलावेसे वाटले तर ऐकावे. ग्रंथपालाच्या कामात हे बसणे आणि ऐकणे मोडते.

संस्कार आणि आनंद

आपण संस्कारांना महत्त्व देणारी माणसे आहोत. त्यामुळे पुस्तकांची यादी करावयास बसलो की थोरांची चरित्रे आणि बोधकथा प्रथम आठवतात. ती अवश्य असावीत. पण पेटीत तीच असली तर मुलाला ती पाठ्यपुस्तकाचीच बहीण वाटते. ज्याला अजून वाचनाची गोडी लागलेली नाही त्याला आधी हसू आले पाहिजे, उत्सुकता वाटली पाहिजे. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे यांनी कित्येक पिढ्यांना वाचावयास लावले. हा बन्या फेणे मूळचा फुरसुंगी या गावचा, हे आपल्या खेड्यातील मुलाला कळले की त्याची कॉलर ताठ होते. माधुरी पुरंदरे यांची चित्रपुस्तके लहानांसाठी उत्तम. राष्ट्रीय पुस्तक न्यासाची मराठी बालपुस्तके स्वस्त आणि सुबक असतात. ‘तोत्तोचान’ हे जपानी शाळेचे पुस्तक मराठीत आले आहे. ते शिक्षकांनी आधी वाचावे. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते, आणि त्याचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचावयास मिळतात. गोडी लागली की तेच मूल आपल्या पायांनी शिवरायांच्या, विवेकानंदांच्या, सावित्रीबाईंच्या चरित्रापर्यंत चालत जाते. वाचलेच नाही, तर संस्कार कोणत्या वाटेने पोहोचणार?

भाषेचाही विचार करावा. तांड्यावरचे मूल घरी गोरमाटी बोलते. पुस्तकातील मराठी त्याला पहिल्या दिवशी परकी वाटते. त्याच्या आजीची एखादी गोष्ट त्यानेच वहीत लिहावी, चित्र काढावे, आणि ती वही शिवून त्याच पेटीत ठेवावी. आपल्या आजीचे नाव पुस्तकावर पाहिलेले मूल ग्रंथालयाला परके समजणार नाही.

आणि कृपा करून रद्दी दान करू नये. मुलांसाठी पुस्तके हवीत असे आवाहन केले की घराघरांतून जुनी गाइडे, स्पर्धापरीक्षांची पुस्तके, पाने गळालेले दिवाळी अंक येतात. देणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, माळा मोकळा होतो हेही खरे. परंतु जे आपण आपल्या नातवाच्या हाती देणार नाही, ते दुसऱ्याच्या लेकराच्या हाती देऊ नये. हा एकच निकष पुरेसा आहे.

आपला वाटा

शेवटी हिशेब सांगतो. एका बालपुस्तकाची किंमत सरासरी साठ-सत्तर रुपये धरली तर शंभर पुस्तकांना सहा-सात हजार रुपये लागतात. मध्यमवर्गीय कुटुंबाच्या एका वाढदिवसाचा हा खर्च. तेवढ्यात एका वस्तीशाळेची पेटी उभी राहते. दहा कुटुंबांनी दहा पेट्या दिल्या आणि त्या दर चार महिन्यांनी एकमेकींत फिरविल्या, तर प्रत्येक शाळेपुढून तीन-साडेतीन वर्षांत हजार पुस्तके जातात. पैसा हा आपल्या कामातला सोपा भाग आहे.

अवघड भाग म्हणजे माणूस. प्रत्येक पेटीमागे एक नाव हवे, जो महिन्यातून एकदा त्या शाळेत किंवा बालगृहात जाईल, देवघेवीची वही उघडून पाहील आणि कोणत्या मुलाच्या नावापुढे महिनाभर एकही पुस्तक नाही ते शोधील. तो मुलगा कोठे आहे, आजारी आहे का, वाचता येत नाही म्हणून लाजतो आहे का, की फडावर गेला आहे, हे विचारील. अशा भेटीतूनच एखादी गळू पाहणारी मुलगी वेळेवर ध्यानात येते.

म्हणून आज जाण्यापूर्वी आपण पैशांचे आकडे लिहू नयेत. बीड जिल्ह्याचे अकरा तालुके आहेत. समोर तालुकावार कागद ठेवले आहेत. प्रत्येकाने एका शाळेचे किंवा एका बालगृहाचे नाव लिहावे, त्याखाली आपले नाव लिहावे, आणि महिन्यातील कोणत्या वारी जाणार तो वार लिहावा. पेट्या दसऱ्यापूर्वी पोहोचल्या पाहिजेत, कारण टोळ्यांच्या गाड्या त्यानंतर कोणासाठी थांबत नाहीत.